मी लपवलेला अर्धा इंच

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे, शिंप्याच्या गळ्यात लोंबते ती. तरुणपणी मी एका पैलवानाची कंबर मोजली होती. माझं दुसरं टोक घेऊन मागे गेलेला माणूस वाटेत जेवूनच परत आला. खोटं वाटतं? पैलवानाला विचारा.

पुढे कपड्यांच्या कारखान्यात मी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या गळ्यात आले. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. वीस वर्षं मशीनवर वाकून त्यांची कंबर कामातून गेली. उभ्याने करायचं काम एकच, कापड कापायचं. कापणी विभागाचे मास्तर म्हणाले, "चिठ्ठीवरचं माप वाचून एक बाही कापून दाखवा, टेबल तुमचं. नाहीतर मावशी, आता घरी आराम करा."

मावशींची पाचावर धारण बसली. शाळा चौथीत सुटलेली. माझ्यावरचे आकडे त्यांना यायचे, पण मधल्या बारीक रेघा म्हणजे मुंग्यांची रांग. मग घरी त्यांच्या नणंदबाई शिकवायला बसल्या.

"वहिनी, पाव इंच मोठा की एक अष्टमांश?"

"अष्टमांश. चारापेक्षा आठ मोठे, एवढं येतं मला."

"बरं. ही चादर चौघींत फाडली तर तुकडा मोठा येईल, की आठजणींत?"

मावशींनी चादर आपल्याकडे ओढून घेतली. मग म्हणाल्या, "चादर नवीन आहे, फाडू नका. कळलं मला."

आता लपवलेलं सांगते. माझ्या टोकाची पितळी टोपी कधीच पडली होती, आणि तिच्यामागे माझा पहिला अर्धा इंचही झिजून गेला होता. मावशींच्या बोटांना ते ठाऊक होतं. मोजताना ती बोटं न सांगता तेवढं कापड जास्त सोडायची. पण आता मावशींना गणित येत होतं. बोटांचं कोण ऐकतंय?

चिठ्ठीवर होतं, बावीस पूर्ण तीन अष्टमांश. मावशींनी नेमकी रेघ शोधली. त्यांना थांबवायला मी स्वतःला गुंडाळलं, टेबलावरून घसरले. त्यांनी मला उचलून पुन्हा सरळ केलं. मला तोंड असतं तर! कात्री चालली.

मास्तरांनी आपल्या टेपने मोजलं. "अर्धा इंच कमी."

मावशींनी मला त्यांच्या टेपशेजारी लावलं. आकड्याशी आकडा जुळवला.

"गणित बरोबर आहे, मास्तर. टेप तोकडी आहे."

"असेल. पण बाही कापली गेली ना, मावशी."

मावशींनी पिशवी उचलली.

मित्रांनो, कुणी इतक्या उशिरा शिकायला बसलं, तर त्याच्या हातात माझ्यासारखी देऊ नका. आधी टेप मोजा, मग माणूस.