डावखुरा टाका

आंबेनळीच्या चढाला राजश्रीबाईंची जुनी गाडी धापा टाकायची. पोलादपूरच्या गॅरेजात मुरारी मिस्त्री गाडीखाली शिरला आणि गारच पडला. धूर गाळणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या डब्यावर वेल्डिंगचे टाके डावीकडं कललेले होते. असे टाके पंचक्रोशीत एकट्या डावखुऱ्या मुरारीचेच. पहिल्या मालकाला गाडी विकायची घाई होती, म्हणून तेव्हा मुरारीनंच आतली चोंदलेली जाळी फोडून डबा पुन्हा जोडला होता. राहिलेल्या तुकड्यांनी आता धुराची वाट अडवली होती.

“कुणी केलं हो हे?” बाईंनी विचारलं.

“मुंबईच्या कुनीतरी, बाई.”

“तरीच! म्हणून तर मी आपल्या माणसाकडं आणली.”

नवा कन्व्हर्टर जोडताना मुरारीनं वेल्डिंगचा होल्डर जन्मात पहिल्यांदा उजव्या हातात धरला.