अमेरिकेचं हाफ तिकीट

"काकू, अमेरिकेच्या हिशेबाने तुमचा मुलगा वीस वर्षांचा आहे," शौनक म्हणाला.

सुलक्षणाने शेजारी पाहिलं. सौरभ चोवीस वर्षांचा होऊन बसला होता. गालभर दाढी होती आणि कालच तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून भांडून आला होता.

"हा?" तिने खात्री करून घेतली.

"हाच."

सुलक्षणाचा भाऊ चंद्रप्रकाश न्यू जर्सीला असतो. तिथला नागरिक झाल्या झाल्या त्याने बहिणीच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज टाकला, तेव्हा सौरभ बालवाडीत डबा सांडत होता. भावंडांची रांग सगळ्यांत लांब. मधल्या काळात सुलक्षणाचा नवरा गेला, बिल्डिंग रिडेव्हलप झाली, आणि आता एकोणीस वर्षांनी नंबर लागला. पण मुलाने एकविशी ओलांडली की तो आईच्या अर्जातून गळतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पोराला एकटं टाकून जायचं कसं, या धसक्याने ती मुलुंडहून घाटकोपरला, व्हिसाचा सल्ला देणाऱ्या शौनककडे आली होती.

"तुमचा अर्ज मंजूर व्हायच्या आधी त्यांच्याकडे चार वर्षं पडून होता," शौनकने समजावलं. "उशीर त्यांचा. म्हणून चार वर्षं पोराच्या वयातून वजा."

सुलक्षणा थक्क झाली. वॉर्ड ऑफिसने उशीर केला म्हणून कुणाचं वय कमी झालेलं तिने ऐकलं नव्हतं. तिथे ते वाढायचंच.

तिने स्वतः हा प्रयोग फार पूर्वी करून पाहिला होता. कणकवलीच्या एसटीत तेरा वर्षांच्या सौरभला तिने अकराचा सांगून हाफ तिकीट मागितलं. कंडक्टरने विचारलं, "बाळा, कितवीत?" बाळ ताठ बसून म्हणालं, "आठवीत. हजेरीपटात पहिला नंबर." फुल तिकीट फाडलं गेलं. आणि इथे अख्खं अमेरिका सरकार, कुणी न मागता, तिच्या बाजूने खोटं बोलायला तयार होतं! तिने मनोमन त्या सरकारला हात जोडले.

"फक्त एक," शौनक म्हणाला, "मुलगा अविवाहित हवा."

"छे हो, याला कोण देतंय मुलगी!"

"माझं लग्न झालंय," सौरभ म्हणाला.

सुलक्षणा खुर्चीसकट त्याच्याकडे वळली.

"मेल्या, कधी?"

"दिवाळीनंतर, रजिस्टर. अक्षताशी. कांदिवलीची. तिला जर्मनीत नर्सची नोकरी लागलीये, वर्क व्हिसा आला. नवऱ्याला सोबत नेता येतं. बॉयफ्रेंडला नाही ना नेता येत, आई."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"एकोणीस वर्षं रांगेत उभी आहेस गं. कसं सांगू?"

 सुलक्षणाने हळूच विचारलं, "जर्मनीला किती वर्षं लागली?"

"व्हिसाला? दोन महिने."

एवढा आदर तिला अमेरिकेबद्दलही वाटला नव्हता.

"तसंच गेलात तर इंटरव्ह्यूला लग्न लपवावं लागेल," शौनक पुटपुटला, "आणि ते मी..."

"लपवणार कोण? हा?" सुलक्षणा म्हणाली. "याला आठवीतच जमलं नाही. माझ्या एकटीचं पुढे चालू ठेवा. एवढी रांग लावून काउंटरवर आल्यावर मागे फिरू होय? भाऊ वाट बघतोय तिकडे." मग तिने पर्स काखेत मारली. "आणि तू ऊठ. सुनेचं तोंड तरी दाखव."

कांदिवलीच्या वाटेवर बस साकीनाक्याला अडकली. सौरभ खिडकीशी मान खाली घालून बसला होता, खरोखर वीस वर्षांचा वाटावा असा. कंडक्टर तिकिटं देत मागून आला. सुलक्षणाने त्याच्याकडे नोट सरकवली.

"दोन फुल," ती म्हणाली. "याचं लग्न झालंय."

कंडक्टरने काही विचारलं नव्हतं.