उजवा डोळा

बाहुलीचा डावा डोळा वहिनी काढायची आणि उजवा तिची नणंद, चिमणी. कारखान्याची रीतच तशी होती. हाताला एकाच बाजूचं वळण बसलं की काम भराभर उरकतं. दोघी एकाच टेबलाशी शेजारी बसत. वहिनी डावं बुबुळ टेकवून बाहुली पुढे सरकवी, चिमणी त्याच्याकडे बघून उजवं जुळवी. बाहुली तिरळी निघाली तर दोष नेहमी उजव्या डोळ्याचा. मागून येणाऱ्यानं जुळवून घ्यायचं, असं मुकादम म्हणे.

"म्हणजे घरच्या सुनेसारखंच की," वहिनी म्हणायची.

चिमणीला ब्रश धरायला वहिनीनंच शिकवलं होतं. आणि आता त्याच चिमणीची परगावच्या चित्रकलेच्या कॉलेजात निवड झाली होती. जायचं की नाही हे उद्यापर्यंत कळवायचं होतं.

जेवताना सासऱ्यांनी विषय काढला. "मी जन्मभर बस हाकली. रंगातलं मला काय कळणार? सूनबाई, तू सांग. पोरीच्या हातात खरंच काही आहे का? असेल तर पाठवू. नसेल तर उगाच वर्षं कशाला वाया घालवायची?"

"वहिनी हो म्हणाली तरच जाईन," चिमणी म्हणाली. "नाही म्हणाली तर बसेन डोळे काढत."

"त्यात काय वाईट आहे?" वहिनीचा नवरा म्हणाला. "तुझी वहिनी तर घरी फुकटात डोळे वटारते."

सगळे हसले. वहिनीही हसली.

"उद्या संध्याकाळी सांगते," ती म्हणाली.

भांडी घासताना तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. ती चिमणीएवढी असताना तिनं माहेरी मागच्या भिंतीवर कोळशानं घोडे काढले होते. चांगले उधळलेले घोडे. आईनं पाठीत धपाटा घातला आणि तिच्याच हातून भिंतीला चुना लावून घेतला. तेव्हा तिच्या हातात काही आहे का, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. आणि हिच्यासाठी अख्खं घर ताट पुढ्यात घेऊन खोळंबलंय! वर कौल द्यायचा तो मीच.

सकाळी कामाला बसताना तिनं मनाशी ठरवलं होतं. नुसतं नाही म्हटलं असतं तर सासऱ्यांनी कारण विचारलं असतं. ते कारण मुकादमाच्या तोंडूनच आलेलं बरं. पहिल्या बाहुलीचं डावं बुबुळ तिनं नाकाकडे सरकवलं, अगदी केसभर. दुसरीचंही तसंच. चिमणी आता सवयीनं, डाव्याकडे नीट न बघताच, तिचा डोळा मधोमध काढत जाईल, आणि बाहुल्यांची अख्खी फळी तिरळी होऊन बसेल.

चिमणी एकदा थांबली. तिनं बाहुली उजेडात धरली, वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं मान वर केली नाही. चिमणीनं ब्रश पाण्यात बुडवला आणि ती पुढे कामाला लागली.

दुपारी मुकादम वाळत ठेवलेल्या फळीपाशी आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. वहिनीनं ब्रश खाली ठेवला.

"अरे, हे काय?" तो म्हणाला, आणि खो खो हसत सुटला. "बाई, बघा तरी!"

वहिनीनं पाहिलं. एकही बाहुली तिरळी नव्हती. चिमणीनं प्रत्येकीचं उजवं बुबुळ बाहेरच्या बाजूला तेवढंच, केसभर सरकवलं होतं. फळीवरच्या सगळ्या बाहुल्या मान न वळवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून एकाच बाजूला बघत होत्या. त्या बाजूला वहिनीची खुर्ची होती.

"जिवंत झाल्यात नुसत्या," मुकादम म्हणाला. "शेजारणीची नवी साडी बघितल्यासारख्या बघतायत! कुणावर एवढ्या जळतायत या?"

वहिनीनं पदरानं कपाळ पुसलं.

घरी जाताना चिमणी तिच्या बाजूनं चालत होती. "वहिनी, बरं नाही का तुला? सकाळी हात थरथरत होता ना? मी घेतलं जुळवून, मुकादमाला काही कळलं नाही."

पोरीनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, वहिनीला वाटलं. दोन शब्द सुनावता आले असते. पण हिच्या मनात पाप असं नाहीच. देवानं हातही हिलाच द्यावा आणि मनही हिलाच?

"जरा चक्कर येत होती," ती म्हणाली.

दारात सासरे वाट बघत उभेच होते. "बोल सूनबाई."

एक शब्द पुरे होता. 'बेताचीच आहे' म्हटलं असतं, तर उद्यापासून ही आपल्या शेजारी, आणि कॉलेजचं नाव घरातून कायमचं गेलं असतं. मग रोज बाहुली पुढे सरकवायची आणि हिचा ब्रश बघायचा. रोज. म्हातारपण येईपर्यंत.

"पाठवा तिला," वहिनी म्हणाली. "आजच कळवा. तिच्या हातात जे आहे, ते माझ्या हातात नाही."

चिमणी धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. "खरं सांगतेस ना?"

"खरंच सांगतेय म्हणून तर जीव जळतोय," वहिनी तिचे हात सोडवत म्हणाली. "चल, सोड आता. आणि हे बघ, तिथे जाऊन घोडे काढलेस, तर मला दाखवायला आणू नकोस."