नवरीच्या खोलीतली लिपस्टिक

मंगलला लिपस्टिकचं वेड लागलं ते आठव्या वर्षी, ओतूरच्या बाजारात. जोहराबीच्या दुकानात आई बांगड्या भरायला बसली की ही पोर लिपस्टिकच्या खोक्यापाशी. जोहराबी हसायची आणि तिच्या हातावर एक रेघ ओढून द्यायची. मंगल डावाच हात पुढे करायची, म्हणजे जेवताना धुवायला नको. आई म्हणायची, "लगीन झाल्यावर काय लावायचं त्ये लाव."

लग्न झालं, आणि लावली की! सोळा वर्षं हौसेनं लावली. नवरा, भरत, चिडवायचा, पण मंचरला गेला की नवा रंग तोच आणायचा. मग एका सकाळी छातीत कळ येऊन भरत गेला, आणि दहाव्याला बायांनी हिचं कुंकू पुसलं. पोटासाठी हिनं पार्लर टाकलं. आता काय म्हणावं याला! पंचक्रोशीतल्या नवऱ्या हिच्या हातून सजायला लागल्या आणि हिचे ओठ कोरडेच. नवरीचं सगळं उरकलं की कुंकवाला मात्र ती एखाद्या सवाष्णीला हाक मारायची. कुणी तसं सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ येऊ नये म्हणून ही आधीच बाजूला सरायची.

तिची एकुलती लेक संस्कृती, तिच्या लग्नातही तेच झालं. लेकीला तास दीड तास नटवलं आणि कुंकू लावायला जावेला बोलावलं. गौरीहर पुजायला जाताना लेकीनं मरून रंगाची लिपस्टिक आईच्या मुठीत कोंबली. "आई, आज लाव. माझी शपथ हाय तुला."

खोलीत मंगल एकटी उरली. नको नको म्हणत तिनं लिपस्टिक ओठांवर फिरवली आणि आरशात बघतच राहिली. सहा वर्षं ती या बाईला भेटली नव्हती. तिला भरतची फार आठवण आली.

तेवढ्यात दार लोटून सासू आत आली. कुशाबाई. बाविसाव्या वर्षी विधवा झालेली, साऱ्या भावकीला धाकात ठेवणारी बाई. मंगलनं घाईघाईनं कापूस उचलला.

"थांब," कुशाबाई म्हणाली. तिनं आतून कडी लावली आणि नवरीच्या खुर्चीवर येऊन बसली. "मला बी लाव."

मंगलला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"आगं लाव. आमच्या वक्ताला न्हाई मिळाली. मिळाली तवा आमचं धनी ऱ्हायलं नव्हतं. कसं दिसतंय त्ये तरी बघू दे."

मंगलनं लावली. म्हातारीचे ओठ सुरकुतलेले, रंग नीट बसेना. कुशाबाईनं आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"त्येंनी वळखलं नसतं मला," ती हळूच म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. मामा नवरीला घेऊन निघाले होते, आईला बोलावत होते. कुशाबाईनं मंगलच्या हातातला कापूस घेतला आणि आपले ओठ खसाखसा पुसले.

"आत्या, ऱ्हाऊ द्या की."

"माजं झालं बगून." कुशाबाईनं कापूस मुठीत गच्च धरला आणि कडी काढली. "तू पुसलीस तर बघ. चल, पुढं हो."