बंद राहण्याची नोकरी

मित्रांनो, मी एक जुना अग्निरोधक दरवाजा. माणसांचे प्राण वाचवण्यासाठीच माझा जन्म झाला. प्रत्यक्षात नोकरीचा बहुतेक काळ मी उघडा उभा राहून वारा येऊ दिला.

आम्ही दोघे जुळे भाऊ, एकाच भरीव लाकडाचे. थोरल्याला एका भट्टीच्या तोंडावर बसवले आणि आतून आग लावली. एक इंजिनिअर बाई समोर उभ्या राहून बघत होत्या. तो काळा पडला, तडकला, किंचाळला. पण ज्वाळा त्याने अलीकडे येऊ दिल्या नाहीत. मग त्याचा कोळसा झाडून टाकला आणि प्रमाणपत्र मला दिले. मेलेल्या भावाची पदवी धाकट्याला मिळालेली तुमच्या शाळेत चालत नसेल. आमच्यात तोच नियम आहे.

त्याच बाईंनी मला शिवणकामाच्या एका कारखान्यात बसवून घेतले. आगीपासून इमारती वाचवणे हे त्यांचे काम. म्हणजे धडधाकट इमारत बघायची आणि ही जळेल कशी, याचा विचार करत हिंडायचे. खाली कापडाचे गोदाम, वर शिवणाऱ्या बायका, आणि त्यांना उतरायला एकच जिना. गोदाम आणि जिना यांच्यामध्ये मी. गोदाम पेटले तर जिन्यात धूर शिरू द्यायचा नाही, एवढीच माझी जबाबदारी. डोक्यावर स्प्रिंगचा हात होता, त्यामुळे सोडले की मी आपोआप मिटत असे. माझ्या कडांना एक पट्टी होती. ती तापली की फुगून फट बुजवते. कारखान्यात फुगणारे आणखी एक होते, ते मालक. त्यांना तापावे लागत नसे.

वर पत्रा होता. तो तापला की काजे करणारी मुकादमाची बायको जिन्यातून हाक मारायची, "अहो, वारा येत नाही." साऱ्या कारखान्याला दम देणारा मुकादम या हाकेला मात्र भिऊन असे. तो मला उघडून माझ्या पायाखाली लाकडाची पाचर मारायचा. मग गोदामातून जिन्यात, जिन्यातून वर, छान झुळूक. येता-जाता कापडाच्या हातगाड्या माझ्या बरगड्यांवर आदळत, तेही छानच चाले.

बाई तपासणीला आल्या की पाचरेला लाथ घालत. पाचर उडून गोदामात पडे आणि मी धाडकन मिटे. बायकांनी त्यांचे नाव बंदबाई ठेवले होते. मुकादम नम्रपणे सांगे की, दोन मिनिटांपुरतीच लावली होती. ती दोन मिनिटे काही वर्षे चालली. भिंतीत चुंबक बसवा, दरवाजा उघडाही राहील आणि आगीचा भोंगा वाजला की सुटेलही, असे बाईंनी मालकांना परोपरीने सांगितले. मालक विचार करतो म्हणाले. विचार अजून चालू आहे.

एका दुपारी बाईंनी नेहमीची लाथ घातली आणि पाचर हलली नाही. मुकादमाने त्यांच्या लाथेचा नीट अभ्यास करून ती हातोडीने ठोकून बसवली होती. बाई वाकून पाचर उपसू लागल्या. मुकादम शेजारी उभा राहून बायका, घाम आणि माणुसकी यांवर बोलत राहिला. तेवढ्यात गोदामात चिंध्यांच्या ढिगाखालच्या वायरीने पेट घेतला.

आग चालत येत नाही, मित्रांनो, झेप घेते. काळाकुट्ट धूर माझ्या कडेने जिन्यात घुसला आणि वर गेला. वरून खोकणे आणि किंकाळ्या ऐकू आल्या. त्यात एक हाक मुकादमाच्या ओळखीची होती. या वेळी ती वाऱ्याबद्दल नव्हती.

मुकादम पाचरेवर वेड्यासारखा लाथा घालू लागला. त्याच्या पायाचा अंगठा मोडला, तो आवाज मी ऐकला. बाईंनी भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर उपसला आणि त्याच्या बुडाने पाचरेवर घावामागून घाव घातले. चिरफळ्या उडाल्या. मी सुटलो आणि असा आपटलो की मुकादमाची बोटे चौकटीत चिरडली. बाईंनी तापलेल्या मला दोन्ही हातांनी बोटभर ओढले, त्याचा हात सोडवला आणि अंग टाकून मला पुन्हा मिटवले.

मग आग माझ्यावर आली. रंगाला फोड आले, फुटले. छातीचा कोळसा झाला, बिजागऱ्या लाल झाल्या. भाऊ का किंचाळला होता, ते मला अगदी बारकाईने कळले. माझ्या पाठीमागून बायका उतरत होत्या. कोणी गुडघे फोडून घेत, कोणी शेजारणीला केसांना धरून ओढत. सर्वांत शेवटी मुकादमाची बायको आली. तिने नवऱ्याची बोटे पाहिली, मग जमिनीवरच्या चिरफळ्या पाहिल्या.

"तुमचीच पाचर ना ती?"

"गप उतर," मुकादम म्हणाला.

सगळ्या जिवंत बाहेर पडल्या.

पुढे माझा सत्कार झाला. मालकांनी माझ्या कोळशाशेजारी फोटो काढून घेतला आणि सुरक्षेच्या बाबतीत आपण कधीही तडजोड केली नाही, असे भाषण केले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. बंदबाईंना वाजवता आल्या नाहीत. त्यांच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या. नंतर मला काढून मागच्या अंगणात टाकले आणि माझ्या जागी नवा दरवाजा आला. त्याच्या जुळ्या भावाची चौकशी मी केली नाही.

तर मित्रांनो, दरवाजांची काळजी घ्या. उघडायचा तेव्हा उघडा, पण नंतर मिटू द्या. आम्हाला दुसरे काही येत नाही.

ऊन वाढले तसा नवा पत्राही तापला. एके दिवशी वरून हाक आली, "अहो, वारा येत नाही." मुकादम लंगडत अंगणात आला. माझी पाठ जळलेली नव्हती. तिथला एक तुकडा त्याने करवतीने कापला आणि तासला. मी दरवाजा होतो, आता पाचर झाले. व्याकरणसुद्धा बदलले.

परवा बंदबाई तपासणीला आल्या. त्यांनी मला लाथ घातली.

मी हलले नाही. लाकूड चांगले आहे.