शनिवारचं ऑइल

माणसाला अज्ञानाच्या अंधारातून विज्ञानानं बाहेर काढलं, आणि मंठा तालुक्यापुरतं ते काम मी केलं. माझ्या निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी हे वाक्य वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले. लिहून मीच दिलं होतं, पण त्यांनी वाचलं छान.

एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. मांजर आडवं गेलं तर समजावं की मांजराला काम आहे, आणि शनिवारी तेल विकत आणलं तर फार तर भजी होतात, या दोन वाक्यांवर माझी हयात गेली.

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी स्कूल व्हॅन घेतली. बाकं काढून आत पलंग, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. हिंडतं घर. भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटोसुद्धा लावला. दोष एकच, जिथं उभी राहील तिथं ती जमिनीला काळा टिळा लावायची. इंजिनाचं ऑइल गळत होतं.

मंठ्यात देवानंदचं गॅरेज आहे. तो माझा विद्यार्थी. त्यानं गाडी आपल्या मुलीच्या, अक्षताच्या हवाली केली. ती आयटीआय करून आलेली, बावीस वर्षांची.

"सर, एकटीच्या हातानं करायची हिची ही पहिली गाडी," देवानंद म्हणाला. "लोक म्हणून राह्यले, पोरगी कुठं इंजन खोलती का. बराबर झाली तर इंजनाचं सगळं काम हिच्याकडं. न्हाई तर मंग काउंटरवर बसून नटबोल्ट देईल."

अक्षता दोन दिवस गाडीखाली होती. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या बुडाशी असते ती ऑइलची परात, तिनं उतरवून नवं पॅकिंग बसवलं. मग हात पुसत म्हणाली, "सर, पॅकिंगचं काम झालं. पण गेअरबॉक्सकडचं सीलबी झिरपून राह्यलं. ते जालन्याहून सोमवारी येतंय. तवर जवळपास फिरा, पण रोज सकाळी गेज काढून बघा. कमी दिसलं की जल्दी ऑइल टाका. बघू, करू, असं बिलकुल न्हाई."

"पोरी, तुझ्या बापाला मी घर्षण शिकवलंय," मी म्हणालो.

शुक्रवारी मी आणि बायको द्वारका परतूरला मेहुणीकडे गेलो. शनिवारी सकाळी निघताना मी गेज, म्हणजे ऑइल मोजायची सळई, काढून पाहिला. ऑइल फक्त टोकाला लागलं होतं. समोरच राधेश्यामचं ऑइलचं दुकान उघडं होतं आणि डबे ओळीनं मांडलेले होते. मी दुकानाकडं निघालो, आणि रस्त्याच्या मधोमध थांबलो.

आईला जाऊन बावीस वर्षं झाली, पण शनिवारी ती येते. "मच्छ्या, शनवारी तेल घरात आणू न्हाई बाबा. साडेसाती मागं लागती."

मी मनात म्हणालो, आई, हे इंजिनाचं ऑइल आहे, खायचं नाही. शिवाय गाडीत टाकायचंय, घरात नाही. एवढं म्हणून मी मागं वळून पाहिलं. गाडीच्या खिडकीला पडदा होता, आत बायको चहाची भांडी विसळत होती आणि भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो होता. शास्त्रीयदृष्ट्या ते घरच होतं.

मी परत फिरलो.

"घेतलं का ऑइल?" द्वारकानं विचारलं.

"मंठ्यात घेऊ. तासाभराचा तर रस्ता आहे."

"दुकान उघडं दिसून राह्यलं की."

"तू भांडी आवर."

अर्ध्या वाटेत ऑइलचा लाल दिवा लागला. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. मग इंजिन अडकित्त्यात सुपारी सापडल्यासारखं कडकड वाजलं आणि मी गाडी थांबवली. मागून पुंजाराम ट्रॅक्टर घेऊन येत होता. तोही माझाच विद्यार्थी, तालुक्यात दुसरं कोण भेटणार. त्यानं दोर बांधला आणि भर बाजारातून आमचं हिंडतं घर ओढत नेलं. दुतर्फा विद्यार्थी हात जोडत होते. एकानं विचारलं, "सर, सहल का?" मी मान डोलावली.

गॅरेजच्या दारात गाडी लागली तोच खाली ऑइलचा थेंब पडला. देवानंदनं थेंबाकडं पाहिलं, मग मुलीकडं.

"काय गं हे? दोन दिवसांत गळती?"

"बाबा, बघू तर द्या."

"काय बघायचं? सरांच्या गाडीला घाई केली तू. पॅकिंग बराबर बसलं न्हाई. आता बाजार काय म्हणंल? ठेव पाना. उद्यापासून काउंटर."

ती गाडीखाली सरकली. त्या वेळी मला एकच वाक्य बोलायचं होतं. तोंडही उघडलं होतं, पण त्यातून खोकला निघाला.

खालून आवाज आला, "पॅकिंग कोरडं हाय, बाबा. सीलातून गेलंय सगळं. म्या सरांना सांगितलं व्हतं. सर, गेज बघितला न्हाई का?"

"बघितला," मी म्हणालो.

"मंग ऑइल टाकलं न्हाई?"

देवानंद माझ्याकडं पाहत होता. बायको गाडीच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती, तीही पाहत होती.

"दुकान बंद होतं," मी म्हणालो. "राधेश्यामचं."

द्वारका चहा घेऊन आत गेली. चाळीस वर्षांच्या संसारात इतकं जोरात ती कधीच गप्प बसली नव्हती.

"राधेश्यामचं बंद?" देवानंदनं कपाळाला आठ्या घातल्या. "शनवारी? अवो सर, आधी तो बंदच ठेवायचा. शनवारी तेल विकायचं न्हाई, घ्यायचं न्हाई. म्याच त्याला समजावलं, आमचे सर काय सांगायचे ते. शनवारी तेल आणलं तर फार तर भजी होतात! तो हसत सुटला बघा. तवापासून सहा वर्षं झाली, एक शनवार त्यानं दुकान बंद ठेवलं न्हाई. थांबा, फोन लावतो. बिमार पडला काय की."

त्यानं खरंच काळजीनं खिशात हात घातला.

"नको लावू," मी म्हणालो. "उघडं होतं."

"मंग?"

"शनिवार होता."

देवानंद हसला असता तर मी हसण्यावारी नेलं असतं. तो हसला नाही. त्यानं हळूच फोन खिशात ठेवला आणि जमिनीकडं पाहू लागला, वर्गात गणित चुकलं की पाहायचा तसा. फरक एवढाच, की या वेळी चूक माझी होती आणि मान त्याची खाली होती.

मग तो गाडीखाली वाकला. "अक्षे, म्या उगंच बोललो. इंजन फिरतंय का बघ. सील आलं की तूच बसव. ह्याच्यापुढं कुणाच्याबी इंजनाला तूच हात लावायचा."

"फिरतंय, बाबा. वाचलंय."

पण मला राहवेना. मी गाडीजवळ गेलो आणि घसा साफ करून सुरुवात केली. म्हणालो, "अक्षता, मी भित्रा माणूस आहे. तुझ्यावर बोल येत होता आणि मी खोकलो. एकतीस वर्षं मी पोरांना जे सांगितलं ते मला एक रस्ता ओलांडेपर्यंत पुरलं नाही. मी प्रत्येक विद्यार्थ्याच्या दारात जाऊन हे सांगीन. सगळ्या बाजारासमोर तुझी माफी मागीन. तू म्हणशील ती शिक्षा..."

"सर," खालून आवाज आला.

"बोल पोरी. मनात काही ठेवू नकोस."

"जरा डावा पाय उचला. चौदाचा पाना तुमच्या खाली हाय."