सहाव्या विहिरीचा बाण

दोन सायकली, पन्नास मीटरचा एक पोलादी टेप, खडूचे तीन तुकडे, एक बॅटरी, पाण्याच्या दोन बाटल्या, चार उकडलेली अंडी, सहा केळी आणि एक वही. सायकली सोडून बाकी सगळं बाबांनी ओट्यावर मांडून दोनदा मोजलं.

"केळी सात घ्यायची. विहिरी सात आहेत ना?" आई म्हणाली.

"सातवीनंतर घरच येतं. घरी केळी आहेत," असं म्हणून बाबा टायर दाबून बघायला बाहेर गेले.

बाबा भूजल कार्यालयात मोजणीदार होते. महिन्यातून एकदा सायकलवरून सात विहिरींची फेरी करायची, प्रत्येकीत पाणी किती खोल आहे ते मोजायचं आणि लिहायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, आणि बेचाळीस किलोमीटरची ती फेरी त्यांनी नंतर एकदाही केली नव्हती.

गेल्या आठवड्यात कार्यालयातून फोन आला. जुन्या नोंदी संगणकावर चढवताना सहाव्या विहिरीच्या आकड्यांत एक उडी सापडली होती. एका महिन्यात पाणी अचानक खोल गेलं आणि पुढे कायम तेवढंच खाली राहिलं. आजूबाजूच्या विहिरींत तसं काहीच नव्हतं. नव्या साहेबांनी हसत विचारलं, "काका, घरी बसून तर नाही ना भरले आकडे?" सोमवारपर्यंत कारण कळलं नाही, तर त्या विहिरीच्या सगळ्या नोंदी वगळणार होते.

"वगळू देत. आपल्याला काय!" बाबा म्हणाले. त्या दिवशी ते जेवणावरून लवकर उठले आणि संध्याकाळी सायकलची चेन काढून तेलात बुडवून ठेवली.

मी नोंदींच्या प्रती मागवल्या. पाचव्या आणि सातव्या विहिरीशी ताडून पाहिल्यावर उडी सदतीस सेंटीमीटरची निघाली. फार तर दोन इकडे, दोन तिकडे. हा आकडा मी बाबांना सांगितला नाही. त्यांना तो माहीत झाला असता, तर त्यांचं मोजणं बिनकामाचं ठरलं असतं. महिना मात्र सांगितला. तो माझ्या जन्माचा महिना होता.

"तेव्हा मी रजेवर होतो, फेरीला बदली माणूस जायचा. दोन महिने. तू अजिबात झोपू द्यायची नाहीस," ते म्हणाले.

"म्हणजे चूक माझी?"

"निम्मी."

गावाबाहेर पडल्यावर मी म्हटलं, "उलट्या बाजूनं थेट सहावीवर जाऊ. नऊच किलोमीटर पडेल."

"क्रम मोडायचा नाही. पहिलीला काय वाटेल?"

त्यामुळे पहिलीपासून सुरुवात झाली. बाबांनी टेपच्या शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासला आणि कठड्यावरच्या लाल बाणापासून टेप आत सोडला. वर काढल्यावर जिथपर्यंत खडू ओला, तिथपर्यंत पाणी. बाणाशी धरलेल्या आकड्यातून ओली लांबी वजा करायची. "बाण हलला तर सगळंच हललं," ते म्हणाले आणि टेप पुसून गुंडाळला.

तिसरीनंतर जंगल लागलं. चढ मोठा नव्हता, पण लांबत जाणारा होता. माझ्या सायकलला एकवीस गिअर आणि बाबांच्या सायकलला एकही नाही. मी त्यांच्या मागे राहून मोजलं: सपाटीवर मिनिटाला पायडलचे अठ्ठावन्न फेरे, चढावर सत्तावन्न. वर पोचून ते झाडाखाली अंडं सोलत बसले, तेव्हा मी अजून खाली सायकल ढकलत होते.

"गिअर मोजत होतीस का?" त्यांनी विचारलं.

पलीकडच्या गावात चहावाल्यानं लांबूनच ओरडून विचारलं, "काय टेपवाले, पाणी हरवलं म्हणून शोधायला निघालात?"

"तुझ्या चहात सापडलं बघ," बाबा म्हणाले. आम्हाला चहा दुसऱ्या पातेल्यातला मिळाला.

सहावीवर पोचेपर्यंत साडेतीन झाले. विहीर एका घराला लागून होती. पायरीवर शेंगा सोलत बसलेल्या बाई चष्मा वर करून बघायला लागल्या.

"अगंबाई, टेपवाले! आहात होय अजून!"

"आहे की. ही मुलगी माझी."

"म्हणजे हिच्यामुळेच तुम्ही दोन महिने गायब होतात ते! कठडा वाढवला तेव्हा."

बाबांनी सायकल भिंतीला टेकवली. "तेव्हाच वाढवला?"

"आमची शेळी आत पडली ना. ह्यांनी लगेच विटांचे चार थर चढवले." त्यांचे यजमान गवंडी होते, हे बाबांनी मला नंतर सांगितलं. "बाण गिलाव्याखाली गेला, म्हणून वर नवा काढून ठेवला. म्हणाले, टेपवाले परत आले की बिचारे कुठून मोजतील?"

"मला वाटलं ऑफिसनं काढला. नवा रंग बघून मी काही विचारलंच नाही," बाबा सावकाश म्हणाले. "ते कधी बोलले नाहीत."

"त्यात काय बोलायचं? तुम्ही बाणाला टेप लावला की ते खिडकीतून बघायचे. त्यांना बरं वाटायचं." त्यांनी एक शेंग सोलली. "आता सहा वर्षं झाली त्यांना जाऊन." मग हात थांबला. "का हो, चुकलं होतं का त्यांचं काही?"

"छे! एकवीस वर्षं मी त्याच बाणावरून मोजलं. रेघ बघा, अजून किती सरळ आहे."

आतल्या बाजूला गिलावा नव्हता. मी कठड्यावर पोटावर आडवी झाले आणि बॅटरी घेऊन आत वाकले. बाबांनी माझे पाय धरले. वरचे चार थर विटांचे होते, खाली जुना दगड. त्याच्या काठावर शेवाळ होतं. नखानं खरवडल्यावर फिकट लाल रंग दिसला, मग बाणाचं टोक.

"सापडला!"

बाबांनी माझे पाय बाईंच्या हवाली केले. "घट्ट धरा हं, शेळीनंतर हिची पाळी यायची."

मी टेपचं टोक जुन्या बाणाला लावलं. वर गवंड्याच्या बाणाशी बाबांनी टेप ताणून धरला. तीनदा मोजलं. मग मला वर ओढलं, वही माझ्या हातात दिली आणि बाई पायरीकडे वळेपर्यंत थांबले.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

"कठडा वाढवला. मोजणीदारानं बाण तपासला नाही."

मी तसंच लिहिलं.

"आता आकडा लिही," ते म्हणाले. "छत्तीस पॉइंट आठ सेंटीमीटर."